'एरिक द व्हायकिंग' आणि टेरी जोन्स : सिनेमा फसला, मग दिग्दर्शकही फसला का?

मेघना_काठी

परवा रात्री लेकीबरोबर 'एरिक द व्हायकिंग' पुन्हा पाहिला. सिनेमा १९८९ चा. मी तो पहिल्यांदा पाहिला कॉलेजात असताना, मैत्रिणीच्या भावाकडच्या खरखरणाऱ्या व्हिडिओ कॅसेटवर. तेव्हा हसले आणि विसरले. या वेळी मात्र डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढते आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (पुढे रसभंग आहे, आधीच सांगते.) एरिक हा व्हायकिंग तरुण. लूट, जाळपोळ आणि बायकांवर अत्याचार हा गावाचा पिढीजात धंदा, आणि याला तो जमत नाही. पहिल्याच प्रसंगात त्याच्या हातून हेल्गा नावाची मुलगी मरते आणि त्याचं मन उडतं. फ्रेया नावाची म्हातारी (अर्था किट) त्याला सांगते की फेनरिस लांडग्यानं सूर्य गिळलाय, रॅग्नरोकचा, म्हणजे जगाच्या अंताचा, काळ चालू आहे, म्हणून जग अंधारात मारामाऱ्या करतंय. उपाय एकच. हाय-ब्राझील बेटावरचं शिंग आणायचं आणि तीनदा फुंकायचं. पहिल्या फुंकरीला अस्गार्ड, म्हणजे देवांचं घर, दुसऱ्या फुंकरीला देव जागे, तिसऱ्या फुंकरीला घरी परत.

सुरुवातीचा प्रसंग मी पुढे ढकलला, मुलांसमोर लावण्यासारखा तो नाही. पण बेटाचा भाग लेकीनं डोळे विस्फारून पाहिला. त्या बेटावर रक्त सांडलं की बेट समुद्रात जाणार, असा शाप. रक्त सांडतं. जमीन हादरते. पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत येतं आणि राजा अर्नुल्फ प्रजेला समजावत राहतो की घाबरू नका, असं काहीही होत नाहीये. तिथल्या लोकांना गाण्याची भारी हौस आणि गळा एकालाही नाही. छपरावर बसून, पाण्यात पाय सोडून ते त्याच उत्साहात असतात. लेक आधी लोळून लोळून हसली. मग बेट गेलं, वर नुसते बुडबुडे राहिले, तेव्हा एकदम गप्प. म्हणाली, "आई, ते खरंच बुडाले?"

तो राजा स्वतः टेरी जोन्सनं केलाय. दिग्दर्शकही तोच, पटकथाही त्याचीच.

माझं म्हणणं असं की जोन्सला आपण कायम 'मॉन्टी पायथॉन' या सहा जणांच्या ब्रिटिश विनोदी चमूतला 'दुसरा टेरी' एवढ्यावरच ठेवलं. पहिला टेरी म्हणजे गिलियम, त्याच्या चित्रचौकटींवर पुस्तकं निघतात. पण हसता हसता पोटात गोळा आणायचं काम जोन्सइतकं फार थोड्यांना जमलं. हा सिनेमा चालला नाही हे मान्य. तरीही त्यात जे आहे ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. तुम्हाला काय वाटतं?

तिरपागडा

पहिला! वाखु (वाचनखूण) साठवली. रात्री निवांत वाचतो.

शशांक_नाशिक

मेघनाताई, लेख मनापासून लिहिलाय, पण मी सहमत नाही. हा सिनेमा मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मध्येच घड्याळ बघितलं. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टनं याला शून्य तारे दिले होते. एक नाही, अर्धा नाही, शून्य. ते अतीच झालं, पण दुखणं खरं आहे. विनोद करायचा की आख्यान सांगायचं हेच ठरलेलं नाही. एरिक झालेला टिम रॉबिन्स मन लावून काम करतो, पण त्याच्या आजूबाजूचे सगळे वेगळ्याच नाटकातून उचलून आणल्यासारखे वाटतात. जॉन क्लीज येतो, दोन मिनिटांत सिनेमा खाऊन टाकतो आणि निघून जातो.

आणि तो पहिला प्रसंग. बलात्काराच्या प्रसंगावर विनोद? मला नाही झेपलं. तुम्ही स्वतःच तो पुढे ढकललात की!

मेघना_काठी

शशांक, मुलीसाठी ढकलला, माझ्यासाठी नाही. त्या प्रसंगात चेष्टा पुरुषाची होते. हेल्गा त्याला विचारते की तुला हे करायचंय तरी का, आणि याच्याकडे उत्तर नसतं. 'सगळे करतात म्हणून', एवढंच. पण अंगावर येतो हे खरं, आणि कुणाला नको वाटला तर मी वाद घालणार नाही.

खडीसाखर

मला आवडलेला भाग म्हणजे बोटीत कुणी कुठं बसायचं यावरून होणारं भांडण. जग वाचवायला निघालेत आणि जागेवरून तंटा! आमच्या गावच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकणारे डोळ्यांसमोर आले. आणि निघताना आई मुलाला विचारते, दोन्ही कुऱ्हाडी घेतल्यास ना? मी पुण्याला हॉस्टेलवर निघाले तेव्हा आमच्या आईनं स्वेटरबद्दल हेच विचारलं होतं, जून महिन्यात.

ओस्लोकर

नॉर्वेत राहतो, म्हणून चार शब्द.

पहिली गोष्ट शिरस्त्राणांची. शिंगंवाला व्हायकिंग ही १९ व्या शतकातली करामत. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या संगीतिकांसाठी कार्ल एमिल डोप्लर यानं वेशभूषा केली आणि तिथून ती शिंगं जगभर डोक्यावर चढली. खऱ्या व्हायकिंग शिरस्त्राणाचा सगळ्यात चांगला नमुना इथं ओस्लोच्या ऐतिहासिक संग्रहालयात आहे. येर्मुंडबू नावाच्या शेतावर १९४३ मध्ये तुकड्यांत सापडला, मग जोडला. मी मुलाला घेऊन गेलो होतो. काचेमागे गोल, काळपट लोखंडी टोपी आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी. मुलगा शिंगं शोधत पेटीच्या मागच्या बाजूला जाऊन आला.

दुसरी गोष्ट क्लीजच्या भूमिकेची. हाफदान द ब्लॅक हे नाव जोन्सनं हवेतून काढलेलं नाही. हा ९ व्या शतकातला खरा राजा. नॉर्वे एका छत्राखाली आणणाऱ्या हाराल्ड फेअरहेअरचा बाप. स्नोर्री या मध्ययुगीन आइसलँडी लेखकाच्या राजकथांत तो बर्फ फुटून पाण्यात बुडून मरतो. सिनेमातला हाफदान रांगेतल्या माणसांना एकेक करून मृत्युदंड सांगतो, तोही शांत, कंटाळलेल्या आवाजात. याला सोलून काढा, याचा गळा आवळा, पुढचा कोण? तालुका कचेरीत दाखल्यांवर शिक्के मारताना साहेबाचा जो आवाज असतो, डिट्टो तोच.

आणि तिसरी गोष्ट. जोन्सच्याच 'लाइफ ऑफ ब्रायन' (१९७९) वर इथं ईश्वरनिंदेच्या नावाखाली बंदी आली होती. तर शेजारच्या स्वीडननं जाहिरात केली की सिनेमा इतका विनोदी आहे की नॉर्वेत त्यावर बंदी घातली! अजूनही स्वीडिश सहकारी कँटीनमध्ये हा टोमणा मारतात.

तिरपागडा

म्हणजे नॉर्वेत बंदी आणि स्वीडनमध्ये संधी. (पीजे वाटल्यास सोडून द्या.)

कुंदा

सोडला. :)

पण व्हायकिंग आणि टेरी जोन्स म्हटल्यावर 'स्पॅम' कुणाला आठवलं नाही? १९७० सालचं पायथॉनचं प्रहसन. हॉटेलात एक जोडपं न्याहारीला येतं. वेट्रेस पदार्थ सांगते, प्रत्येकात स्पॅम, म्हणजे डबाबंद मांस. ती वेट्रेस म्हणजे साडीऐवजी झगा घातलेला खुद्द टेरी जोन्स! लिहिलंही त्यानं आणि पायथॉनमधल्याच मायकेल पेलिननं. आणि कोपऱ्यात काही कारण नसताना व्हायकिंग बसलेत, ते मध्येच 'स्पॅम स्पॅम' गायला लागतात आणि कुणाला काही बोलूच देत नाहीत.

नको असलेल्या निरोपांच्या भडिमाराला इंटरनेटवर 'स्पॅम' म्हणतात ते यावरूनच. आणि हिंजवडीत निम्मी मंडळी ज्या भाषेत कोड लिहिते, ती पायथनसुद्धा. खीडो व्हान रोसमनं ते नाव सापावरून ठेवलेलं नाही, या मंडळींच्या कार्यक्रमावरून ठेवलं. मी नव्या मुलांना शिकवते तेव्हा पहिल्या तासाला ही गोष्ट सांगतेच. त्या भाषेच्या कागदपत्रांतल्या उदाहरणांत 'स्पॅम' आणि 'एग्ज' का येतात हेही मग कळतं.

खडीसाखर

प्रत्येक पदार्थात स्पॅम म्हणजे आपल्या उपासाच्या ताटात प्रत्येक पदार्थात दाण्याचं कूट. खिचडीत कूट, काकडीत कूट, रताळ्याच्या किसात कूट, भगरीवर दाण्याची आमटी.

शेवगाठी

खानदेशात या, कूट कमी वाटेल. आमच्याकडे सगळ्यावर शेव. भाजीसुद्धा शेवेची.

भीमाकाठ

धागा ताटावरून बेटावर आणतो. हाय-ब्राझील हे व्हायकिंगांचं नाहीच, ते आयर्लंडचं. आयर्लंडच्या पश्चिमेला धुक्यात दडलेलं आणि सात वर्षांतून एकदाच दिसणारं बेट, अशी तिकडची दंतकथा. १३२५ च्या सुमारास ते नकाशांवर आलं आणि पुढे काही शतकं नकाशे काढणारे ते मन लावून काढत राहिले. जोन्सनं नॉर्स पुराणात आयरिश बेट घुसवलं. मध्ययुगाचा अभ्यासक असल्यामुळे ते त्यानं जाणूनबुजून केलं असणार.

रच्याकने (जाता जाता), ब्राझील देशाचं नाव या बेटावरून पडलेलं नाही. ते तिथल्या लाल रंगाच्या लाकडावरून पडलं. आणि त्या लाकडाला 'ब्राझील' म्हणायचं कारण, त्याच्या आधी युरोपात आशियातून येणाऱ्या तशाच लाल लाकडाला ते नाव होतं. ते आशियाई लाकूड म्हणजे आपलं पतंग! माझ्या आजोळी सुतार त्याचे तुकडे पाण्यात घालून रंग काढत. संध्याकाळी तपेल्यात टाकलेला तुकडा सकाळपर्यंत पाणी डाळिंबासारखं करून ठेवायचा.

ओस्लोकर

भीमाकाठ, पतंगाची माहिती नवीन होती. धन्यवाद!

नीलफलक

मी संकलनाचं काम करतो, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. जोन्स दिग्दर्शक म्हणून मोठा होता का? माझ्या मते होता, आणि त्याचं मोठेपण दिसत नाही कारण ते दिसू नये अशीच त्याची धडपड होती.

पायथॉनच्या दूरदर्शन मालिकेचे (१९६९ ते १९७४, ४५ भाग) दिग्दर्शक बहुतांशी इयन मॅकनॉटन. जोन्स संकलनाच्या वेळी त्यांच्या शेजारी जाऊन बसायचा आणि एकेका कटावरून हुज्जत घालायचा. स्पाइक मिलिगनची 'क्यू५' ही मालिका पाहून त्याच्या डोक्यात बसलं होतं की प्रहसनाला शेवटचा टाळीचा विनोद लागतोच असं नाही. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं वाहत गेलं तरी चालतं. आज सगळे हे गृहीत धरतात. तेव्हा त्यासाठी भांडावं लागलं.

'होली ग्रेल' (१९७५) दोन टेरींनी मिळून केला, दोघांचाही पहिला सिनेमा. पैसे इतके कमी की घोडे परवडले नाहीत, म्हणून नारळाच्या करवंट्या वाजवल्या. गिलियमला चौकट हवी तशी लागेपर्यंत नट चिखलात, चिलखत घालून ताटकळत. नट वैतागले. मग 'लाइफ ऑफ ब्रायन' एकट्या जोन्सकडे आला आणि गिलियमनं कलादिग्दर्शन सांभाळलं. ईएमआय कंपनीनं ऐन वेळी अंग काढून घेतल्यावर बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं स्वतःचं घर गहाण टाकून पैसे उभे केले, हा किस्सा तुम्हाला माहीत असेलच. ट्युनिशियात, दुसऱ्या एका येशूपटाचे उरलेले सेट वापरून चित्रीकरण झालं.

आता त्यातली गर्दीची दृश्यं बघा. विनोद कुठं घडतोय ते एका क्षणात कळतं. कॅमेरा पुरेसा लांब, दोन्ही माणसं एकाच चौकटीत, प्रतिक्रिया कापलेली नाही. हे शिकवून येत नाही. विनोदी दृश्यात एक जवळचा शॉट जास्त घेतला की हशा मेला, हे मी रोज टेबलावर बघतो.

पण मग 'एरिक' का अडखळतो? तिथं त्याला भव्यता हवी होती. समुद्री राक्षस, जगाची कडा, इंद्रधनुष्याचा पूल. ती दाखवायला कॅमेरा एकीकडे ओढतो आणि विनोद दुसरीकडे. शशांकरावांना घड्याळ बघावंसं वाटलं ते इथं, असा माझा अंदाज.

शशांक_नाशिक

नीलफलक, बरोबर पकडलंत. समुद्री राक्षस आला तेव्हाच पहिल्यांदा बघितलं होतं.

अनामिका_गोवा

मी इथं फारशी लिहीत नाही, पण जोन्सचं नाव बघून राहवलं नाही.

२०१६ मध्ये जाहीर झालं की त्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे, त्यातला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया हा प्रकार. यात आधी भाषा जाते. माणसं ओळखू येतात, रस्ते आठवतात, शब्द मिळत नाहीत. २०१४ मध्ये लंडनला पायथॉनचे शेवटचे प्रयोग झाले तेव्हाच त्याला ओळी पाठ राहत नव्हत्या. तोपर्यंत त्याची स्मरणशक्ती सगळ्यांत दांडगी मानली जायची.

माझ्या बाबांना हेच झालं. पोस्टात होते, अख्ख्या गावाचे पत्ते तोंडपाठ. एके दिवशी तांब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ते... ते दे." आम्हाला वाटलं दमलेत. महिन्याभरात 'ते' हा एकच शब्द सगळ्या भांड्यांना. डॉक्टरांनी आधी विसरभोळेपणाच्या गोळ्या दिल्या, निदानाला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत आम्ही त्यांच्यावर किती वेळा चिडलो ते आठवलं की अजून झोप लागत नाही. त्यांना सगळं कळत होतं.

त्याच वर्षी वेल्सच्या बाफ्टानं (ब्रिटिश चित्रपट अकादमीच्या शाखेनं) जोन्सला खास पुरस्कार दिला. मुलगा बिल हात धरून त्याला मंचावर घेऊन आला आणि पुरस्कार दिला पेलिननं, ऑक्सफर्डपासूनच्या मित्रानं. सभागृह उठून उभं राहिलं आणि त्याला चार शब्दही जुळवता आले नाहीत. ती चित्रफीत मी बाबांशेजारी बसून पाहिली. बाबांनी पडद्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं.

२१ जानेवारी २०२० ला जोन्स गेला. बाबा त्याच वर्षी, दिवाळीनंतर.

मेघना_काठी

अनामिका, वाचून हात थांबले. लिहिलंत हे फार बरं केलंत. बाबांना नमस्कार.

कुंदा

अनामिका, माझ्या सासूबाईंच्या बाबतीत आत्ता हेच सुरू झाल्याची शंका आहे. त्या 'चमचा' म्हणायच्या जागी थांबतात. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, चालेल का?

अनामिका_गोवा

जरूर करा. कधीही. वाचा-उपचार लवकर सुरू केले तर बोलण्यावाचून कळवायच्या खुणा बसवता येतात, आम्हाला ते उशिरा समजलं.

जुना_वाचक

दोन दिवस धागा नुसता वाचत होतो. एका मुद्द्याला कुणी हात लावलेला नाही, तो मांडतो.

सिनेमातला लोहार केटिल आठवा. एरिकची मोहीम फसावी म्हणून तो बोटीत शिरतो. का? मारामाऱ्या थांबल्या तर त्याच्या तलवारी कोण घेणार! लोकी, नॉर्स पुराणातला कपटी देव, त्याच्या कानाशी लागून हेच पटवतो. अँटनी शेर यांनी लोकी काय मऊ केलाय. राक्षसी हसणं नाही, फक्त धंद्याची काळजी.

आता जोन्सची पुस्तकं बघा. १९८० मध्ये त्यानं मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसरच्या सरदारावर पुस्तक लिहिलं. चॉसरचा 'नाइट' म्हणजे आदर्श शूरवीर असं पिढ्यान्पिढ्या शिकवत आले होते. जोन्सनं त्याच्या लढायांची यादी एकेक करून तपासली आणि म्हणाला की हा पैशासाठी लढणारा भाडोत्री शिपाई आहे. विद्वानांनी नाकं मुरडली, पण कुणाला ते पुस्तक टाळता आलं नाही. नऊ वर्षांनी तेच पडद्यावर लोहार होऊन आलं. आणि २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा हाच माणूस ब्रिटिश वर्तमानपत्रांत लेखामागून लेख लिहीत होता, त्यांचं पुढे पुस्तकही झालं. चौकशी एकच, तीन वेळा केलेली: या लढाईवर पोट कुणाचं चाललंय?

म्हणून 'एरिक' मला त्याचा सगळ्यात स्वतःचा सिनेमा वाटतो. 'ब्रायन' सहा जणांचा होता. हा त्याचा एकट्याचा. १९८३ मध्ये त्यानं मुलासाठी एरिकच्या गोष्टींचं पुस्तक लिहिलं होतं, मायकेल फोरमनच्या चित्रांसह. सिनेमानं त्यातून फक्त नाव घेतलं, गोष्ट नवी रचली. मुलाला गोष्ट सांगून झाली, मग मोठ्यांना सांगायची राहिली होती ती सांगितली.

शशांक_नाशिक

जुना_वाचक, लोहाराचा धागा माझ्या लक्षातच आला नव्हता. सिनेमा ढिला आहे यावर मी ठाम आहे, पण आता तिसऱ्यांदा बघावा लागणार.

नीलफलक

शशांकराव, बघणार असाल तर आखूड आवृत्ती मिळवा. २००६ मध्ये जोन्सच्या मुलानं, बिलनं, सिनेमा पुन्हा संकलित केला. मूळ १०७ मिनिटांचा ७५ मिनिटांवर आणला. त्या डीव्हीडीवर 'दिग्दर्शकाच्या मुलाची आवृत्ती' असंच लिहिलंय. बत्तीस मिनिटं गेली आणि विनोद जागेवर आला. बापाच्या सिनेमाला मुलानं लावलेली कात्री, आणि बापानं ती आनंदानं लावू दिली. अनामिका यांनी सांगितलेल्या मंचावर हात धरणारा तो हाच बिल.

अनामिका_गोवा

हे माहीत नव्हतं. धन्यवाद नीलफलक.

भीमाकाठ

मेघनाताई, एक राहिलं. तुमच्या लेकीला पाद्री कसा वाटला? बोटीवरचा हाराल्ड. त्याचा या देवांवर विश्वासच नाही, म्हणून त्याला राक्षस दिसत नाही, इंद्रधनुष्य दिसत नाही, वल्हाल्ला (वीरांचा स्वर्ग) दिसत नाही. सगळे डोळे मिटून किंचाळतायत आणि हा विचारतोय काय झालं.

मेघना_काठी

भीमाकाठ, तिला तोच सगळ्यात आवडला! आधी म्हणाली, "त्याला चष्मा लागलाय का?" मग शेवटी देवांच्या घरी पोचल्यावर देव निघतात लहान मुलं, रुसकी आणि हट्टी, आणि सांगतात की तुमची भांडणं आम्ही लावत नाही. एरिकची माणसं नरकाच्या खाईत ओढली जातात. तेव्हा त्यांना वाचवतो कोण? हाच पाद्री. त्याच्यासाठी खाईच नाही, म्हणून तो आरामात चालत जातो, शिंग उचलतो आणि फुंकतो. लेक उठून उभी राहून टाळ्या वाजवत होती.

अदृश्य करणाऱ्या झुलीवरही तिनं मला छळलं. एरिक ती पांघरून एकटा अख्ख्या जहाजाशी लढतो आणि जिंकतो. नंतर कळतं की ती झूल फक्त बेटावरच्या राजकन्येच्या बापासमोर, म्हणजे राजा अर्नुल्फसमोर, चालते. तिचा प्रश्न: "मग बाकीच्यांना तो दिसत होता, तरी जिंकला कसा?" मी म्हटलं, तू सांग. अजून विचार करते आहे.

शनिवारी ७५ मिनिटांची आवृत्ती लावणार आहोत. नीलफलक, त्यात बेट बुडतानाचं गाणं ठेवलंय ना? ते कापलं असेल तर घरात रडारड होईल.

नीलफलक

ठेवलंय. निर्धास्त लावा.